गुलालापूर्वी तिजोरीचा हिशेब

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार नामनिर्देशनपत्रासोबत एक शपथपत्र देतो. घर किती, शेती किती, दागिने किती, कर्ज किती आणि न्यायालयात खटले किती, याचा तपशील त्यात असतो. मतदाराला आपल्या उमेदवाराची आर्थिक कुंडली कळावी, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु ज्या तिजोरीचा विश्वस्त म्हणून हा उमेदवार निवडला जाणार, त्या जिल्ह्याच्या तिजोरीबद्दल त्याला काय ठाऊक आहे, तिच्यातला पैसा प्रथम कोणत्या कामावर खर्च व्हावा असे त्याला वाटते, हे विचारणारा रकाना त्या शपथपत्रात नाही. कायद्याने तो ठेवलेला नाही, राजकीय पक्षांनी त्याची गरज ओळखलेली नाही आणि मतदारानेही आजवर तो आग्रहाने मागितलेला नाही. प्रचाराच्या धामधुमीत भावकी, गावकी, जात आणि गट यांची गणिते मांडली जातात; अंदाजपत्रकाचे गणित मात्र मांडायचे राहून जाते.

ही उणीव आजवर खपून गेली. यापुढे ती खपवून घेणे महागात पडेल, याला कारण आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या निवडणुका फेब्रुवारी २०१७ मध्ये झाल्या आणि त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे पुढील निवडणुका लांबत गेल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. मधल्या काळात या जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. वास्तविक राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरवली असून ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे सांगितले आहे. तरीही वर्षामागून वर्षे अंदाजपत्रक तयार करणारा अधिकारीच ते मंजूर करीत होता. प्रशासक अकार्यक्षम होते असे नव्हे. काही ठिकाणी त्यांनी शिस्तीने काम केले. परंतु आपल्या गावाच्या शाळेचे छप्पर गळते हे सभागृहात उभे राहून सांगणारा आवाज त्या काळात नव्हता. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीसाठी लोकनियुक्त संस्था अस्तित्वात असण्याची अट असल्यामुळे, प्रशासक असलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यांचा वाटाही अडला. लोकशाहीच्या गैरहजेरीची किंमत जिल्ह्याने अशी रोख मोजलेली आहे. म्हणूनच इतक्या खंडानंतर लोकप्रतिनिधी सभागृहात परततात तेव्हा ते कोणता विचार घेऊन येतात, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

जिल्हा परिषद ही संस्था महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची दिशा दाखवली होती. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनुसार जिल्हा हा घटक प्रमुख मानला आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम केला. शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, शेती, पशुसंवर्धन, ग्रामीण रस्ते, समाजकल्याण अशा ग्रामीण जीवनाच्या बहुतेक सर्व अंगांची जबाबदारी या संस्थेकडे सोपवली गेली. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. गावातील मूल ज्या शाळेत पहिले अक्षर गिरवते ती शाळा, बाळंतीण ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात येते ते केंद्र आणि शेतकरी आपले आजारी जनावर ज्या दवाखान्यात नेतो तो दवाखाना बहुतांशी जिल्हा परिषदेचाच असतो. विधानसभेच्या निवडणुकीत जी आश्वासने दिली जातात, त्यांतील कितीतरी प्रत्यक्षात पाळायची ती या पातळीवर. असे असूनही या संस्थेचे अंदाजपत्रक हा कार्यकर्त्यांच्याही चर्चेचा विषय होत नाही, हे आश्चर्य आहे.

या अंदाजपत्रकाची रचना समजून घेतली पाहिजे. जिल्हा परिषदेमार्फत खर्च होणाऱ्या रकमेचा मोठा भाग राज्य आणि केंद्र शासनाच्या अनुदानाचा असतो. शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन, ठराविक योजनांचा निधी, जिल्हा वार्षिक योजनेतून येणारी रक्कम, हे सारे ज्या कामासाठी आले त्याच कामावर खर्चावे लागते. सदस्यांच्या इच्छेला तेथे फारसा वाव नसतो. वाव असतो तो जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात, म्हणजे बोलीभाषेत ज्याला ‘सेस’ म्हणतात त्यात. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, शासनाची कामे करून दिल्याबद्दल मिळणारे अभिकरण शुल्क आणि ठेवींवरील व्याज ही त्याची मुख्य साधने. जमीन महसुलाचे दर अनेक दशके जवळपास जागच्या जागी असल्यामुळे उपकराचे उत्पन्न तुटपुंजे राहिले आहे. मुद्रांक शुल्काचा वाटा तेथेच मोठा, जेथे जमिनीचे व्यवहार मोठे. म्हणून पुण्यासारख्या जिल्ह्याचे स्वतःचे अंदाजपत्रक शेकडो कोटींच्या घरात जाते आणि गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या वनवासीबहुल जिल्ह्याची झोळी जवळजवळ रिती राहते. ज्याची गरज मोठी त्याचे उत्पन्न लहान, हा आपल्या रचनेतील मूळचा दोष आहे.

या स्वनिधीतही काही वाटे ठरलेले आहेत. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. उरलेल्या रकमेतून इमारतींची देखभाल, पाणीपुरवठा योजनांची दुरुस्ती आणि कार्यालयीन खर्च भागवायचा असतो. त्यानंतर जे हाती राहते, तेच सदस्यांच्या खऱ्या निर्णयाचे क्षेत्र. ते लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच तेथे अग्रक्रमाला महत्त्व आहे. भरलेल्या कोठारातून कोणीही वाटू शकतो. ओंजळभर धान्य असताना आधी कोणाच्या ताटात वाढायचे, यावरूनच वाढणाऱ्याची पारख होते.

आता उमेदवार काय म्हणतात ते पाहू. गावोगावच्या प्रचारसभांतून आणि पत्रकांतून त्यांची जी मते प्रकट होतात, त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार ‘निधी खेचून आणू’ असे सांगणाऱ्यांचा. हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्यातील विसंगती कोणाला जाणवत नाही. निधी ही काही डोंगरावर चरणारी चुकार गाय नव्हे, की जो जोर लावील त्याने तिला दावे बांधून आपल्या गोठ्यात आणावे. तो जनतेचा पैसा आहे आणि एका गटात तो खेचून आणला म्हणजे दुसऱ्या गटातून तो खेचला गेला, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गावाला बोलका पुढारी नाही, ज्या पाड्यावर मते थोडी आहेत, तेथून तो खेचला जातो. सत्तेशी जवळीक आहे म्हणून आमच्या गटाला अधिक मिळेल, हा प्रचार कोणत्याही पक्षाचा उमेदवार करो, तो न्यायाच्या कल्पनेला धरून नाही. राज्यात आपल्या विचारांचे सरकार असताना आपल्याच कार्यकर्त्याने असा प्रचार करणे तर अधिकच अशोभनीय होय. सत्ता सर्वांची म्हणून मागायची आणि निधी आपल्यांना म्हणून वाटायचा, हे एका तोंडाने सांगता येत नाही.

दुसरा प्रकार रस्ते, गटारे, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, सभामंडप आणि प्रवेशद्वाराच्या कमानी यांची यादी वाचणाऱ्यांचा. रस्ता ही चैन नव्हे. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाडीला रस्ता हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. परंतु या यादीतील रस्ता कोणाचा, हे उमेदवाराला पुष्कळदा माहीत नसते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात; इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग तेवढे जिल्हा परिषदेचे. नवीन रस्ता एका लेखाशीर्षाखाली येतो, दुरुस्ती दुसऱ्या. ‘३०५४’ आणि ‘५०५४’ हे आकडे ठेकेदाराला पाठ असतात, उमेदवाराला नसतात. नव्या कामाचे भूमिपूजन होते, फलक लागतो, छायाचित्र छापून येते. दुरुस्तीला यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून जुना रस्ता उखडत राहतो आणि त्याच्या शेजारी कमान उभी राहते. अशी कामे पुढे रेटण्यामागे लहानमोठ्या ठेकेदारांचे हितसंबंध असतात आणि ते ठेकेदार पुष्कळदा उमेदवाराचेच कार्यकर्ते असतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्यावर उघडपणे बोलले मात्र जात नाही.

तिसरा प्रकार वस्तुवाटपाचा. शिलाई यंत्रे, सायकली, पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी यंत्रे, ताडपत्र्या अशा वैयक्तिक लाभाच्या योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण, महिला व बालकल्याण आणि कृषी विभागांतून राबविल्या जातात. अलीकडे वस्तूऐवजी रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आल्यामुळे खरेदीतील गैरप्रकारांना आळा बसला आहे. विधवेच्या हाती आलेले शिलाई यंत्र तिच्या संसाराला आधार देते, यात शंका नाही. प्रश्न लाभार्थ्याच्या निवडीचा आहे. यादीत नाव येण्यासाठी सदस्याच्या ओट्यावर खेटे घालावे लागत असतील, तर हक्काचा लाभ उपकार ठरतो आणि नागरिक हा आश्रित होतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या अंत्योदयाच्या विचारात शेवटच्या माणसाला प्रथम स्थान आहे. जवळच्या माणसाला प्रथम स्थान, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

चौथा प्रकार शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि पाणी यांना अग्रक्रम देणाऱ्यांचा. हे उमेदवार सर्व पक्षांत आहेत, पण थोडे आहेत. आणि त्यांच्या म्हणण्याला टाळ्या कमी पडतात. शाळेतील मुलांना मत नसते. आरोग्य केंद्रात औषध वेळेवर मिळाले याचा फलक लावता येत नाही. पाण्याच्या योजनेची मोटार बंद पडू नये म्हणून केलेली तरतूद कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ज्या कामाचे श्रेय दिसत नाही ते काम मागे पडते, हा लोकशाहीचा स्वभावदोष आहे. तो दूर करण्याचे काम जाणत्या मतदारालाच करावे लागेल.

अग्रक्रम बदलल्याने काय घडू शकते, हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या परिषदेचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ४० कोटी रुपये आहे आणि सदस्य ६० आहेत. राखीव वाटे वजा जाता २६ कोटी उरतील. देखभाल आणि अन्य बांधील खर्च १४ कोटी धरला तर सदस्यांच्या विवेकावर १२ कोटी राहतात. प्रचलित वहिवाटीप्रमाणे हे १२ कोटी सर्व सदस्यांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० लाख येतात. गटात २५ गावे असतील तर गावामागे ८० हजार रुपये. एवढ्यात एखाद्या गल्लीचे पेव्हर ब्लॉक होतात आणि पुढच्या वर्षी दुसरी गल्ली रुसते. आता हेच १२ कोटी सभागृहाने एकमताने शाळांसाठी ठेवले आणि गळके छप्पर, मुलींचे स्वतंत्र स्वच्छतागृह व पाण्याची टाकी यांसाठी प्रत्येक शाळेस ४ लाख दिले, तर एका वर्षात ३०० आणि पाच वर्षांत १५०० शाळा हाताखालून जातात. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असतील. पण सारखे वाटप म्हणजे न्याय्य वाटप नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे. पैसा तेवढाच राहतो. बदलतो तो सभागृहाचा निर्धार.

शाळांचा उल्लेख सहेतुक आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी जिल्हा परिषदेच्या शाळांकडे पाठ फिरवल्याला आता एक पिढी लोटली. या शाळा म्हणजे गरिबाची सोय, असा समज दृढ झाला. परंतु २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले या शिक्षकाला. मातीत दोष नाही, खतपाणी कमी पडते, एवढाच याचा अर्थ. मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह व्यासपीठावरून धरायचा आणि मातृभाषेत शिकवणाऱ्या शाळेच्या छपरासाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवायची नाही, ही विसंगती राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याने तरी ओळखली पाहिजे.

पाण्याचेही तसेच. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमुळे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरापर्यंत नेण्याच्या योजना गावोगावी उभ्या राहिल्या. टाकी बांधली, जलवाहिनी टाकली, नळ जोडला. पण वीजबिल कोण भरणार, मोटार जळाली तर कोण दुरुस्त करणार आणि उन्हाळ्यात विहीर आटली तर टाकीत काय येणार, याचे उत्तर अंदाजपत्रकाने द्यायचे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेत पाण्याचाच ताळेबंद मांडण्याची पद्धत घालून दिली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, मग कोणते पीक घ्यायचे, हे गाव बसून ठरवते. पाण्याचा हिशेब मांडू शकणारा समाज पैशाचा हिशेब मांडू शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

या संदर्भात महिला सदस्यांची भूमिका विशेष मोलाची आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात महिला सरपंच असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाल्याचे आढळले. डोक्यावर हंडा कोण वाहते, यावर अग्रक्रम ठरतो, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. पण आरक्षित गटात उमेदवारी पत्नीची आणि बोलणे पतीचे, हा प्रकार सर्रास चालू राहिला, तर आरक्षणाने मिळालेली दृष्टी सभागृहात पोहोचणारच नाही. अंदाजपत्रकावरील मत उमेदवार भगिनीनेच मांडले पाहिजे. तिच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी नव्हे.

हिशेबाची ही अपेक्षा पाश्चात्त्य लोकशाहीकडून उसनी घेतलेली आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने तामिळनाडूतील उत्तरमेरूरचा शिलालेख आठवावा. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा लेख कांचीपुरमजवळच्या मंदिराच्या भिंतीवर आजही पाहायला मिळतो. ग्रामसभेच्या समित्यांवर कोणाला निवडता येईल आणि कोणाला नाही, याचे नियम त्यात कोरलेले आहेत. तलावासाठी, बागांसाठी, सोन्याच्या व्यवहारासाठी वेगवेगळ्या समित्या होत्या आणि ताडपत्राच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून सदस्यांची निवड होत असे. त्यातील एक अट आजच्या प्रत्येक उमेदवाराने वाचावी अशी आहे. जो पूर्वी समितीवर होता आणि ज्याने आपल्या कारभाराचा हिशेब सादर केला नाही, तो अपात्र ठरे. तोच नव्हे, तर त्याचे ठराविक नातेवाईकही अपात्र ठरत. ती सभा विशिष्ट वर्गापुरती आणि भूधारकांपुरती मर्यादित होती, हे विसरता कामा नये. आजची प्रौढ मताधिकाराची लोकशाही त्यापेक्षा कितीतरी व्यापक आणि न्याय्य आहे. परंतु हिशेब न देणाऱ्याच्या घराण्यालाही दार बंद करण्याची ती कठोरता आपण वारशात घेतली नाही. आज हिशेब न देणाऱ्या घराण्यात पुढची उमेदवारी मुलाला की सुनेला, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

महाराष्ट्राच्या परंपरेतही असे आदर्श आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि मंदिरे उभारली. त्यांचा धर्मादाय खर्च खासगी उत्पन्नातून होत असे. दौलतीचा खजिना आणि खासगी यांतील सीमारेषा त्यांनी सांभाळली. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली आणि गावोगावी त्यांच्या प्रतिमेला हार घातले गेले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या कमानीवर स्वतःचे किंवा आपल्या वडिलांचे नाव कोरून घेणाऱ्याने त्या प्रतिमेसमोर क्षणभर थांबून विचार करावा. अलीकडच्या काळात रामभाऊ म्हाळगींचे उदाहरण आहे. १९५७ साली मावळातून जनसंघाचे आमदार म्हणून निवडून आलेल्या रामभाऊंनी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांसमोर ठेवण्याची प्रथा पाळली. कोणत्याही कायद्याने तशी सक्ती केली नव्हती. मत देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे, एवढी साधी निष्ठा त्यामागे होती.

याचा अर्थ सारा दोष सदस्यांचाच आहे, असे नाही. घटनेने पंचायतींसाठी २९ विषयांची सूची दिली असली तरी अधिकार आणि पैसा यांची वाटणी राज्य शासनाच्या हाती आहे, आणि मंत्रालयाला ती सैल सोडणे कोणत्याही पक्षाच्या राजवटीत आवडलेले नाही. आमदारांनी सुचविलेल्या कामांसाठी ‘२५१५’ सारख्या लेखाशीर्षातून गावात थेट पैसा येतो आणि जिल्हा परिषदेचे नियोजन बाजूला राहते. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य लोकनियुक्त स्थानिक संस्थांतून निवडलेले असावेत, अशी घटनेची योजना आहे. पण प्रत्यक्षात पालकमंत्र्यांचा शब्द अखेरचा ठरतो. केरळने १९९६ पासून राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचा प्रयोग केला. तेथील राज्यकर्त्यांच्या विचारसरणीशी कितीही मतभेद असले तरी या एका बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. एकात्म मानवदर्शनात विकेंद्रीकरणाला महत्त्वाचे स्थान आहे. त्या विचाराचा वारसा सांगणाऱ्यांकडे सत्ता असताना जिल्हा परिषदांना अधिक अधिकार आणि उत्पन्नाची अधिक साधने मिळाली पाहिजेत, ही अपेक्षा करणे गैर ठरणार नाही.

परंतु अधिक पैसा मागण्याचा नैतिक अधिकार त्यालाच, जो हाती असलेला पैसा वेळेत आणि नेटका खर्च करतो. शासनाकडून मिळालेला निधी ठराविक मुदतीत खर्च न झाल्यास परत जातो, ही बातमी दरवर्षी मार्चच्या सुमारास अनेक जिल्ह्यांतून येते. प्रशासकीय मान्यता उशिरा, तांत्रिक मान्यता त्याहून उशिरा, मग निविदांवरून वाद आणि अखेर मार्चअखेरची धावपळ, हे चक्र ठरलेले आहे. परत गेलेला प्रत्येक रुपया ही कोणत्या तरी अंगणवाडीची न झालेली खोली असते. त्याबद्दल कोणत्या उमेदवाराने सभेत दिलगिरी व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा दारात येणाऱ्या उमेदवाराला चहा द्यावा, सन्मानाने बसवावे आणि चार प्रश्न विचारावेत. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न किती आणि त्यातील राखीव वाटे गेल्या वर्षी पूर्ण खर्च झाले का? सदस्यांच्या निर्णयाला उरणारी रक्कम गटागटांत वाटून घेण्याच्या बाजूने आपण आहात, की संपूर्ण जिल्ह्याच्या एखाद्या कामासाठी ती एकत्र ठेवण्याच्या? आपल्या यादीतील सर्व कामांना पैसा पुरणार नाही, तेव्हा आधी कोणते काम वगळाल? आणि वर्षअखेरीस गटातील गावांत येऊन झालेल्या खर्चाचा हिशेब वाचून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक ऐकावे. काय करणार हे सर्वच सांगतात. काय करणार नाही, हे ज्याला सांगता येते त्यानेच विषयाचा विचार केलेला असतो.

हे काम कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन करावयाचे आहे. गावातील निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयीन विद्यार्थी, बचतगटातील भगिनी यांना एकत्र बसवून जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाचे वाचन करणे अवघड नाही. हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात मागता येतो. सर्व पक्षांच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून त्यांचे अग्रक्रम विचारावेत. आपल्या पक्षाचा उमेदवार निरुत्तर झाला तर संकोच वाटेल. पण तो संकोच पाच वर्षांच्या पश्चात्तापापेक्षा स्वस्त आहे. मतदान झाल्यावरही हे काम संपत नाही. अर्थ समितीचे सभापती अंदाजपत्रक मांडतात त्या दिवशी आपला सदस्य सभागृहात होता का आणि त्याने तोंड उघडले का, याची चौकशी गावाने केली पाहिजे.

राष्ट्र परमवैभवाला न्यायचे, ही आकांक्षा प्रार्थनेत रोज उच्चारली जाते. त्या वैभवाचा मार्ग दिल्लीतून जातो तसाच जिल्हा परिषदेच्या एका दुर्लक्षित सभागृहातूनही जातो. तेथे मार्च महिन्यात काही कागदांवर हात वर होतात आणि एखाद्या पाड्यावरील मुलीच्या शाळेला स्वच्छतागृह मिळणार की नाही, हे ठरते. ते हात कोणाचे असावेत, हे ठरवण्याची संधी मतदाराला मिळते. हात निवडताना त्यामागचे डोके आणि त्या डोक्यातला हिशेब तपासून घ्यावा. गुलाल त्यानंतर उधळावा.